लाल शिक्क्याचं पत्र

लुथाबेनी गावात पोस्ट नव्हतं. शहरातल्या पोस्टात एक पेटी होती, तीही माजोलाच्या दुकानाच्या नावावर, आणि साठ घरांची पत्रं त्या एका पेटीत येऊन पडायची. दर शुक्रवारी माजोला मक्याचं पीठ, साखर, रॉकेल आणायला शहरात जायची आणि परतताना पत्रांची पिशवी घेऊन यायची. मग दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा उरायची नाही. माजोला बाटल्यांच्या रिकाम्या क्रेटवर चढायची, चष्मा नाकावर ढकलायची आणि एकेक पत्र फोडून मोठ्याने वाचून दाखवायची. म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं, बहुतेक तरुणांना सरकारी इंग्रजी कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माजोलाला त्या क्रेटवर उभं राहायला फार आवडायचं. नवरा मेल्यावर एकटीने दुकान उभं केलेली बाई, चर्चच्या महिला मंडळाचा लाल ब्लाउज घालणारी. तिचा शब्द गावात चालायचा.

वाचण्याचा एक नियम होता. लाल शिक्क्याचं पत्र आधी. दोन वर्षांपूर्वी म्हाताऱ्या नोफेझीचं लाल शिक्क्याचं पत्र आठवडाभर दुकानात चहाच्या डब्यामागे पडून राहिलं. ती लेकीकडे गेली होती. परत आली तोवर मुदत टळली आणि म्हातारीची पेन्शन बंद झाली ती झालीच. तेव्हापासून गावाने ठरवलं की लाल शिक्का दिसला की माणूस असो नसो, पत्र फोडायचं, वाचायचं आणि ज्याचं असेल त्याच्याकडे निरोप धाडायचा. त्या शिक्क्यात काय लिहिलंय ते कोणी बघत नसे. माजोलाही बघत नसे. बघायला हवं होतं.

त्या शुक्रवारी गाव आधीच पेटलेलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी चोरांनी अकरा गुरं नेली आणि आडव्या आलेल्या म्हाताऱ्या गुराख्याला त्याच्याच कुऱ्हाडीने तोडलं. त्याचा एक हात दुसऱ्या दिवशी कुत्र्याने आणून अंगणात टाकला. पोलीस आले, फोटो काढले, गेले. मग मेलेल्याच्या धाकट्या भावाने, फिकिलेने, माणसं गोळा केली. चौदा जण, हातात काठ्या आणि गेंड्याच्या कातड्याचे चाबूक. त्यांनी पलीकडच्या गावातले दोघे धरले आणि हातोडीने त्यांचे गुडघे फोडले. त्यातला एक भलताच निघाला, साधा गवंडी. त्याची माफी कोणी मागितली नाही. फिकिलेच्या डोळ्यांत तेव्हापासून झोप नव्हती, आणि त्याच्याशी बोलताना लोक आपल्याच पायांकडे बघत.

तो त्या दुपारी दुकानातच होता, टॉर्चसाठी सेल घेत.

माजोलाने पिशवी उपडी केली. लाल शिक्क्याचं एकच पत्र. नाव वाचून तिचा चेहरा खुलला. "लिंडिखाया! अरे, आहे का इथे कोणी त्याच्या घरचं?"

"तो गुरांच्या टाक्यावर आहे," कोणीतरी म्हणालं. "वाच तू."

दोन महिन्यांपूर्वी लिंडिखाया दुकानात आला होता, गर्दी नसताना. "माजोला, माझ्या नावाचं काही आलं तर माझ्या हातात दे हं. वाचू नको." शाळेच्या मुलांची गाडी चालवायची नोकरी त्याला लागायची होती, कुठलासा कागद यायचा बाकी होता, एवढं तिला ठाऊक होतं. "देते रे बाबा," ती म्हणाली होती. ती विसरली म्हणावं तर तेही नाही. तिला वाटलं, नोकरीचं पत्र आहे आणि हा बाबा उगाच लाजतोय. चाळिशी उलटली तरी धड काम न मिळालेल्या माणसाचं भलं झालंय, ते गावासमोर आपल्या तोंडून सांगावं, एवढीच तिची हौस. त्या हौसेने घात केला.

तिने लिफाफा फाडला. "ऐका हो ऐका. 'आपणांस कळविण्यात येते की आपल्या नावावरील गुन्हेगारी नोंद...'"

तिची जीभ अडली. पण शब्द सुटला तो सुटला.

"पुढे?" फिकिले म्हणाला.

"काही नाही. नोकरीचंच आहे."

"गुन्हेगारी म्हणालीस."

"चुकून म्हणाले. चष्मा बदलायला झालाय."

फिकिलेने हात वर करून कागद तिच्या हातातून काढून घेतला. त्याला वाचायला वेळ लागत असे, पण वाचता येत असे. गुन्हा सिद्ध झाला होता, शिक्षा भोगून झाली होती, आता नोंद सगळ्या दप्तरांतून पुसली आहे आणि यापुढे त्याबद्दल त्याला कोणी विचारू नये. कागदावर कायद्याचा आणि कलमाचा आकडा होता. गुन्हा काय, ते कुठेच नव्हतं. लिहिणाऱ्यांनी मुद्दामच तसं लिहिलं होतं, की कागद भलत्याच्या हाती पडला तरी त्याला काही कळू नये. शहाणी माणसं असतील. त्यांनी लुथाबेनी पाहिलेलं नव्हतं. इथे ज्याचं नाव लिहिलेलं नसतं त्याला माणसं सगळ्यात वाईट नाव देतात.

"कोणता गुन्हा?" फिकिलेने कागद उलटा करून पाहिला. "चोरी? खून? बाईवर हात टाकला? कोणाला माहीत आहे?"

माजोलाला माहीत होतं. त्या दुकानात फक्त तिलाच.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरा नुकताच गेलेला, तीन पोरं, घरात पिठाचा कण नाही. शेजारणीने मक्याच्या रांगांत लावलेला गांजा माजोलाने साखरेच्या पिशवीत भरला आणि विकायला कोकस्टॅडच्या बसमध्ये बसली. वाटेत पोलिसांनी बस थांबवली. पिशवी तिच्या सीटखाली. कोणाची आहे, म्हणून पोलिसाने विचारलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघू लागली, आणि शेजारी बसलेला एकोणीस वर्षांचा लिंडिखाया म्हणाला, "माझी." खाली उतरताना तो तिच्या कानाशी एवढंच बोलला, "तुझी पोरं लहान आहेत." चार महिने तुरुंगात काढले त्याने; गावाला वाटलं, कामाच्या शोधात कुठे गेलाय. एकदा बोटांचे ठसे घेतले ते कायमचे. खाणीने त्याला घेतलं नाही, पहारेकऱ्याच्या कंपनीने घेतलं नाही, बंदराने घेतलं नाही. का घेत नाहीत, ते त्याने गावात कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. माजोला दर ख्रिसमसला त्याच्या घरी एक कोंबडी पाठवायची आणि स्वतःला समजवायची. मग रेडिओवर सांगितलं की गांजाचे जुने किरकोळ गुन्हे सरकार पुसून टाकणार. तो गुपचूप अर्ज करून आला असणार.

"अरे, गांजाबिंजाचं असेल," माजोला म्हणाली. "जुनं काहीतरी."

फिकिलेने मान वर केली. "तुला कसं माहीत?"

चाळीस डोळे तिच्याकडे वळले. तिला दुकान दिसलं, लाल ब्लाउज दिसला, शहरात मास्तर असलेला मोठा मुलगा दिसला. फक्त दोन शब्द बोलायचे होते.

"वाटलं आपलं," ती म्हणाली.

फिकिलेने कागदाची घडी करून खिशात घातली आणि बाहेर जाऊन शिटी वाजवली. अंगणात बसलेली त्याची माणसं उठली.

दुकानात म्हाताऱ्यांनी जिभांना धार लावायला सुरुवात केली होती. "बाईच असणार. शांत दिसणारे असेच असतात." "मी तर केव्हाची म्हणत होते, याला काम का मिळत नाही?" "आणि याच्या हातात शाळेची पोरं देणार होते, बघा." माजोला क्रेटवर तशीच उभी. हातात रिकामा लिफाफा. तिने तो उलटा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा लाल शिक्का वाचला. गोपनीय. ज्याच्या नावे आहे त्यानेच उघडावे.

ती क्रेटवरून उतरली आणि धावत सुटली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी. टाक्याची वाट चढाची होती.

शुक्रवार हा गुरं बुडवायचाही दिवस. टाकं म्हणजे सिमेंटचा लांब अरुंद खड्डा, गोचीड मारायच्या औषधाने काठोकाठ भरलेला. गुरं एका टोकाला उडी मारतात, पोहत दुसऱ्या टोकाला निघतात, आणि काठावरचा माणूस दुबेळकीने, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या लांब काठीने, एकेकाचं डोकं क्षणभर खाली दाबतो, कान आणि कपाळ भिजावं म्हणून. त्या दिवशी ती काठी लिंडिखायाच्या हातात होती. माजोला पोचली तेव्हा ती दुसऱ्याच्या हातात होती.

लिंडिखाया जमिनीवर पडला होता. शर्ट फाटून पाठीच्या सालपटांत मिसळला होता. उजवा हात कोपराखाली भलतीकडेच वळलेला. दोघे त्याच्या पायांवर उभे होते आणि फिकिले चाबूक मारत होता, घाई न करता, एकेक फटका जागा बघून. कालपर्यंत हीच माणसं त्याला त्याच्या कुळाच्या नावाने, मानाने टोलो म्हणायची.

"बोल कुत्र्या. कोणाकोणाला ओळखतोस? गुरं कुठे गेली?"

"गांजा होता," लिंडिखाया म्हणाला. तोंडात दात मोकळे झाले होते, शब्द नीट येत नव्हते. "बसमध्ये धरला. गांजा होता."

"ऐकलं का? गांजा!" फिकिले आपल्या माणसांकडे वळला आणि सगळे हसले. "माझ्या मक्यात उभा आहे तो. माझ्या आजीच्या मक्यातही होता. गांजासाठी थेट राजधानीहून, प्रिटोरियाहून कागद येतो होय रे? आम्हांला काय दूधपितं समजतोस?" आणि त्याने चाबकाची मूठ त्याच्या तोंडात मारली. "कोणाची पिशवी होती ती? कोणाबरोबर धंदा करायचास? नाव सांग एक. एक नाव सांग, सोडतो."

लिंडिखायाने रक्त थुंकलं. "माझी होती."

माजोलाने ते ऐकलं. तिने हाक मारली, पण धापेत आवाजच फुटेना, आणि आवारात कोंडलेली गुरं रक्ताच्या वासाने हंबरत होती.

"धुवा याला," फिकिले म्हणाला.

चौघांनी उचलून त्याला टाक्यात फेकलं. तो वर आला, मोडका हात घेऊन काठ धरायला धडपडला. दुबेळकी त्याच्या मानेवर बसली आणि डोकं खाली गेलं. वर आलं. परत खाली. त्या पाण्याचा एक घोट वासराने घेतला तर वासरू राहत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिसऱ्यांदा डोकं वर आलं तेव्हा तो डोळे घट्ट मिटून ओरडत होता, आणि तो आवाज माणसाचा वाटत नव्हता.

माजोलाने आवाराच्या फाटकाचा लोखंडी अडसर उपसला. दोन्ही हातांनी उचलला आणि मागून फिकिलेच्या खांद्यावर हाणला. गळ्याखालचं हाड मोडल्याचं तिला हातात कळलं. तो गुडघ्यांवर आला. दुसरा वार तिने दुबेळकीवाल्याच्या पाठीत घातला, काठी सुटली. मग कोणाचा तरी चाबूक तिच्या चेहऱ्यावर बसला, चष्मा उडाला, गाल फाटला. ती पडली नाही. तिला कमालीचा राग आला होता, त्यांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"माझी होती," ती म्हणाली. "ती पिशवी माझी होती, ऐका रे नालायकांनो. बसमध्ये माझ्या सीटखाली होती. गांजा मी विकायला चालले होते. याने अंगावर घेतलं, माझी पोरं लहान म्हणून. चार महिने हा गेला आणि मी दुकान टाकलं. मला मारा आता. या, मारा."

कोणी हललं नाही. टाक्यात लिंडिखाया एका हाताने काठाला लटकला होता. डोळे मिटलेलेच.

"तिचं ऐकू नका," तो म्हणाला. "माझी होती."

"गप रे. बावीस वर्षं गप बसलास तेवढं पुरे."

"म्हातारी आहे. वेड लागलंय तिला. माझीच होती."

दोघं त्या साखरेच्या पिशवीवरून भांडत राहिली, एक टाक्यात, एक काठावर, दोघांच्या तोंडावरून रक्त गळतंय, आणि ते चौदा जण ऐकत राहिले. हळूहळू एकेकाचा चाबूक खाली आला. कोणीतरी डोक्यावरची टोपी काढली. फिकिले मोडका खांदा धरून तसाच गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरून राग गेला होता आणि त्या जागी काहीच आलं नव्हतं.

"गांजा?" तो म्हणाला. "एवढंच? अगं बाई, मग दुकानातच का नाही बोललीस?"

माजोलाने टाक्यावर वाकून लिंडिखायाचा हात धरला.

त्यांनी लिंडिखायाला बाहेर काढलं, घोंगडीत गुंडाळलं, कोणी हात बांधायला फळी शोधली, कोणी गाडी आणायला पळालं. सगळे अचानक फार कामाचे झाले होते. हौदात स्वच्छ पाणी होतं, पंधरा पावलांवर. डोळे धुवायचं कोणाच्याही ध्यानात आलं नाही. माजोलाच्याही नाही. शहरातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, डोळे लगेच धुतले का.

हात जुळला. डोळे गेले, दोन्ही.

पोलिसांनी नऊ जणांना नेलं. फिकिले गळ्याला झोळी अडकवून स्वतःच गाडीत जाऊन बसला. खरे चोर पुढे दुसऱ्याच जिल्ह्यात सापडले, लुथाबेनीशी त्यांचा काही संबंध नव्हता. माजोलाने लाल ब्लाउज धुऊन, इस्त्री करून मंडळाच्या बाईंना परत नेऊन दिला. त्या म्हणाल्या, "अगं, तेवढ्यासाठी कशाला? कोणाच्या शेतात नव्हता गांजा?" गावात तिला कोणी वावगं बोललं नाही. दुकानाची एक काच फुटली नाही. जी गोष्ट बाहेर पडेल म्हणून ती बावीस वर्षं धास्तावून जगली, त्या गोष्टीला गावाने खांदे उडवले. तेच तिला सोसवेना. कोणी तोंडावर थुंकलं असतं तर बरं वाटलं असतं.

सहा आठवड्यांनी, शुक्रवारी, पिशवीतून पुन्हा लाल शिक्क्याचा लिफाफा निघाला. लिंडिखायाच्या नावाचा. दुकानात नेहमीची गर्दी होती, जरा गप्प गप्प.

"वाच ना," म्हातारी नोफेझी म्हणाली. "लाल आहे. नियम आहे आपला."

माजोला क्रेटवरून उतरली. क्रेट तिने पायाने भिंतीकडे सरकवलं. "ज्याचं आहे त्याचं आहे," ती म्हणाली आणि लिफाफा पदराखाली धरावा तसा शालीखाली धरून बाहेर पडली.

लिंडिखायाची बायको थांडेका दारात चुलीसाठी लाकडं फोडत होती. तिने माजोलाला या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. हातातली कुऱ्हाड बाजूला ठेवून वाट तेवढी दिली.

तो आत भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यांवर पांढरी पट्टी. पावलं ओळखून म्हणाला, "माजोला?"

"तुझं पत्र आहे." तिने ते त्याच्या हातात दिलं.

त्याने लिफाफ्याच्या कडा चाचपल्या. चिकटवलेली बाजू बोटाने तपासली, शेवटपर्यंत. "फोडलं नाहीस."

"नाही."

"लाल शिक्का आहे?"

"आहे."

त्याने जुळत आलेल्या हाताने तो कसाबसा फाडला, कागद काढला, उलगडला आणि सवयीने चेहऱ्यासमोर धरला. तसाच थोडा वेळ धरून बसला. बाहेरच्या रस्त्यावरून शाळेची गाडी हॉर्न वाजवत गेली. ड्रायव्हर नवा होता, वळणावर जोरात घ्यायचा. गाडीचा आवाज जाईपर्यंत लिंडिखाया ऐकत राहिला. मग त्याने कागद पुढे केला.

"थांडेकाला वाचता येत नाही," तो म्हणाला. "तूच वाच. दार लाव आधी."

माजोलाने दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला. त्याच्या जवळ जमिनीवर बसली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन वाचलं. पोलिसांच्या मुख्य दप्तरात त्याच्या नावावर आता काही नाही. बोटांचे ठसे काढून टाकले आहेत. मुलांची वाहतूक करण्याचं काम त्याला देण्यास कोणतीही हरकत नाही.

त्याने तिच्या हातातला कागद बोटांनी चाचपला.

"पुन्हा वाच," मग म्हणाला. "आणखी हळू. बाहेर माणसं आहेत."

तिने पुन्हा वाचलं, तिचं तिलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू.